भाजी फक्त मोठ्यांसाठी

मेथीचं ते पान नखाएवढंसुद्धा नव्हतं. वैशालीने मेथी जवळजवळ पूड होईल इतकी बारीक चिरली होती, कणकेत मळली होती, वरून तीळ लावले होते आणि पराठ्यावर तुपाचा हात जरा सैलच सोडला होता. तरीही साडेचार वर्षांच्या शमिकाने ते पान शोधून काढलं, चिमटीत धरून दिव्यासमोर नेलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

"ओवा," समीर म्हणाला.

"ओवा हिरवा नसतो."

एवढं बोलून तिने अख्खा पराठा ताटाबाहेर काढून ठेवला.

समीर कानडे भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात इंजिनिअर होता. समोर आलेल्या मालात केसाएवढी खोट दिसली तरी सगळा माल परत पाठवायचा, याच कामाचा त्याला पगार मिळत होता. हाच गुण आपल्या लेकीत उतरला आहे, हे त्याला आठवड्यातून चौदा वेळा, म्हणजे दोन्ही जेवणांना, कळत असे. इडलीत किसलेलं गाजर, पुलावात मटार, आमटीत विरघळवलेला दुधी, काहीही तिच्या नजरेतून सुटत नव्हतं. तिला चालायचा तो दहीभात, पोळी-साखर आणि साल काढलेलं सफरचंद.

एरवी त्याने हे हसण्यावारी नेलं असतं. पण मागच्या आठवड्यात शमिका जिन्याच्या दुसऱ्याच मजल्यावर धापा टाकत बसली, म्हणून तिचं रक्त तपासून घेतलं, तेव्हा हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. डॉक्टरीणबाईंनी थेंब लिहून दिले आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "नुसत्या थेंबांनी भागणार नाही. पालेभाज्या गेल्या पाहिजेत पोटात. पण जबरदस्ती करायची नाही, ओरडायचं नाही आणि चॉकलेटचं आमिष दाखवायचं नाही."

"मग उरलं काय?" समीरने विचारलं.

"धीर," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

धीर मंगळवारपर्यंत पुरला. त्या संध्याकाळी पालकाच्या वाटीसमोर शमिका ओठ मिटून बसली. पाऊण तास झाला तरी ओठ उघडेनात. समीरने वाटी आपल्याकडे ओढून घेतली आणि निव्वळ वैतागून म्हणाला, "राहू दे. नाहीतरी भाजी मोठ्यांसाठीच असते. लहान मुलांना द्यायचीच नसते."

मिटलेले ओठ उघडले. "का?"

"नियम आहे."

"कोणाचा?"

"कॉलनीचा."

"कोणी केला?"

समीरच्या तोंडी सुचेल ते नाव आलं. "दुबेजींनी."

हे शमिकाला एकदम पटलं. शंकर दुबे हे नेहरू नगरातल्या त्यांच्या चोवीस घरांच्या कॉलनीचे सेक्रेटरी. गच्चीवर पापड कुठे वाळवायचे, स्कूटर कुठल्या दिशेला तोंड करून लावायची आणि पाण्याची मोटार किती वाजता सुरू करायची, या सगळ्याचे नियम त्यांनी केले होते. मग त्यांनी भाजीचाही केला असला तर नवल काय? शमिका वाटीकडे टक लावून बघत राहिली.

स्वयंपाकघरात वैशालीने त्याला गाठलं. वैशाली इंदूरची, तिथेच वाढलेली, आणि रागावली की तिच्या मराठीत हिंदी जरा जास्तच मिसळायचं. "हे काय नवीन नाटक? सरळ सरळ खोटं बोलून राहिला आहेस पोरीशी."

"डॉक्टरांनी तीन गोष्टी करू नका म्हणून सांगितल्या. खोटं त्यात नव्हतं," समीर म्हणाला. "आणि तू तिचे डोळे बघितलेस का?"

वैशालीने बघितले होते. म्हणून तिने उद्यासाठी दुधी काढून ठेवला.

पण या नियमाची दुसरी बाजू समीरच्या लक्षात दुसऱ्या दिवशी आली. भाजी मोठ्यांसाठी असेल, तर ती मोठ्यांनी खायला हवी आणि मिटक्या मारत खायला हवी. समीरने आजवरच्या छत्तीस वर्षांत बटाट्याखेरीज कशालाही भाजी मानलं नव्हतं. आता मात्र बुधवारी दुधी, गुरुवारी वैशाली जिला गिलकी म्हणते ती घोसाळी आणि शुक्रवारी चवळीचा पाला, असं सगळं त्याने "वा! काय झालीय!" म्हणत संपवलं. समोर शमिका हनुवटीखाली मुठी धरून प्रत्येक घास मोजत होती. वैशालीने त्या तीन दिवसांत मुद्दाम त्याला जास्त वाढलं, असा त्याचा आजही संशय आहे.

शनिवारी जेवताना फोन वाजला. दोन मिनिटं बोलून समीर वळला, तर त्याच्या वाटीतला पालक निम्मा झालेला आणि समोरची खुर्ची रिकामी. टेबलाखालून चपचप आवाज येत होता. त्याने वैशालीकडे बघितलं. वैशालीने तोंडावर पदर नव्हता म्हणून ओढणी धरली होती.

"माझी भाजी कुठे गेली?" समीर मोठ्याने म्हणाला.

"मांजर असेल," वैशाली म्हणाली.

टेबलाखाली कोणीतरी खुदकन हसलं. मग हिरव्या मिशांसकट शमिका वर आली आणि शहाण्यासारखी दहीभात खाऊ लागली.

पुढचे दहा दिवस त्या घरात सुख नांदत होतं. समीर जेवताना मधेच पंख्याकडे बघायचा, खाली वाकून चप्पल शोधायचा, दाराशी कोणी आलंय का म्हणून उठायचा. परत येईतो एक चमचा, दोन चमचे, अर्धी वाटी गायब झालेली असायची. मग तो आरडाओरडा करायचा आणि शमिका गालाच्या आत जीभ फिरवत छताकडे बघायची. समीरला वाटलं, या युक्तीवर कारखान्यात एखादं व्याख्यानच द्यावं.

सोमवारी तो कॉलनीच्या फाटकाशी ठेल्यावर भाजी घ्यायला थांबला. ठेलेवाली अम्मा त्याला रोज "आओ साब" म्हणायची. आज तिने मेथी तोलताना मान वर केली नाही. पिशवी देताना मात्र म्हणाली, "साब, थोड़ा बच्ची के लिए भी छोड़ दिया करो."

"काय?" समीरला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

अम्माने मेथीची आणखी एक जुडी वेगळी बांधून त्याच्या हातात दिली. "ये बिटिया की है. आपकी नहीं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुबेजी त्याच्यासोबत चालायला आले. ते कधी कोणासोबत चालत नसत. ते चालत आणि बाकीचे रस्ता देत. दोन फेऱ्या झाल्यावर त्यांनी समीरच्या खांद्यावर हात ठेवला. "कानडे साब, बुरा मत मानिएगा. आपको भूख बहुत लगती है क्या?"

"जी?"

"शरमाने की बात नहीं. मेरे साले को भी ऐसे ही लगती थी. थायरॉइड निकला."

बुधवारी वरच्या मजल्यावरच्या वंदनाभाभी झाकलेली वाटी घेऊन आल्या. आत भरली कारली होती. "ये शमिका के लिए है," असं म्हणून त्या सोफ्यावर बसल्या आणि बसूनच राहिल्या. "वो खा ले, फिर जाऊँगी."

समीर तोंड उघडणार, तेवढ्यात शमिका त्यांच्या मांडीवर चढली. बापाकडे तिरकी नजर ठेवून तिने कारलं खाल्लं. कारलं! एक खाऊन दुसरं मागितलं. वंदनाभाभींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि समीरकडे असं बघितलं, की तो उगाचच उठून खिडकी लावू लागला.

त्या जाताच वैशालीने शमिकाला जवळ घेतलं. "बेटा, तू कोणाला काय सांगितलंस?"

शमिकाने सांगितलं ते असं. महिनाभरापूर्वी तिचं पाळणाघर बंद झालं होतं. तेव्हापासून शाळा सुटली की वैशाली येईपर्यंत ती तळमजल्यावरच्या सरोजकाकूंकडे थांबायची. सरोज पुराणिक मूळच्या ग्वाल्हेरच्या, निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या. शमिका त्यांना आजी म्हणायची. त्यांनी एक दिवस डबा उघडून विचारलं, "रोज दहीभातच का ग?"

"मग मी आजीला सांगितलं," शमिका म्हणाली, "की भाजी बाबा खातो. सगळी. मला देत नाही. मी टेबलाखाली बसून थोडीशी चोरून खाते. पण बाबाला सांगू नकोस, नाहीतर तो ओरडतो."

तिचं एकही वाक्य खोटं नव्हतं. समीरला तेच फार लागलं.

वैशाली मात्र सोफ्यावर आडवी पडून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. "अरे देवा! आणि काकूंनी सगळ्या कॉलनीला सांगितलं असणार."

"मी आत्ता जातो आणि खरं काय ते सांगून येतो."

"जा. नक्की जा." वैशालीने डोळे पुसले. "काकूंनी छत्तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलंय. त्या लगेच शमिकाला जवळ बसवून सांगतील, बाबा गंमत करत होता, भाजी तर सगळ्यांनी खायची असते. मग?"

समीर दारापर्यंत गेला होता. तिथून त्याने टेबलावरच्या वाटीकडे बघितलं. वाटीत कारल्याचं देठसुद्धा उरलं नव्हतं. तो परत येऊन बसला.

अशा तऱ्हेने समीर कानडे यांनी लेकीच्या रक्तासाठी आपल्या अब्रूवर पाणी सोडलं. ऑफिसमधून येताना तो भाजी जवाहर चौकातून आणू लागला, म्हणजे अम्माला तोंड दाखवायला नको. तरी वाट्या येतच होत्या. कोणी सरसोंचं साग पाठवलं, कोणी बथुआ म्हणजे चाकवत घातलेली डाळ, कोणी लौकीचे म्हणजे दुधीचे कोफ्ते. आणणारी व्यक्ती शमिका खाईपर्यंत हलत नसे, आणि शमिका तर आता वाटीचा आवाज ऐकूनच धावत यायची. जिन्यात बायका त्याला बघून बोलणं थांबवायच्या. एका आजोबांनी त्याला योगासनांचं पुस्तक दिलं. त्यातलं भूक आवरण्याचं पान दुमडून ठेवलेलं होतं.

रविवारी सकाळी सरोजकाकू आणि दुबेजी दोघे मिळून आले. काकूंनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"समीर, मी गोल गोल बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "तू शिकलेला, चांगल्या हुद्द्यावर आहेस. घरात काही कमी नाही. मग पोरीच्या तोंडचं का काढून राहिला आहेस रे?"

समीरने कोपऱ्याकडे बघितलं. शमिका रंगकाम करत होती. खडू मात्र मघापासून कागदावर हलला नव्हता.

"काकू, तसं नाहीये. त्यामागे एक... म्हणजे ती सायकॉलॉजी..."

"सायकल?" शमिकाने मान वर केली. "बाबा, माझी सायकल आणणार?"

"मी ऐकून घ्यायला आले आहे. बोल," काकू म्हणाल्या. शाळेत कॉपी पकडली की त्या अशाच बोलत असणार.

मराठी शमिकाला कळत होतं, हिंदी त्याहून जास्त कळत होतं आणि इंग्रजीचा काही भरवसा नव्हता. समीरला घाम फुटला. आणि तेव्हाच त्याला आठवलं, की लेकीला अजून वाचता येत नाही! त्याने कपाटातून रक्ताचा रिपोर्ट काढला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर भराभर लिहिलं: 'ती भाजीला हात लावत नव्हती. दुबेजींचा नियम आहे सांगून मना केली म्हणून आता चोरून खाते. हा एवढा एकच उपाय लागू पडला आहे. कृपा करून तिच्यासमोर बोलू नका. माझं नाव खराब झालं तरी चालेल.'

काकूंनी चष्मा लावून वाचलं. मग कागद उलटून साडेआठचा आकडा बघितला. मग पुन्हा मागची बाजू वाचली. त्यांच्या खांद्यावरून वाकलेले दुबेजी एकेक अक्षर लावत मोठ्याने म्हणू लागले, "मना केली म्हणून... अच्छा, मना किया तो..."

काकूंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

आता काय होणार, ते समीरला कळेना. काकू सत्याच्या बाजूने उभ्या राहिल्या, तर सगळा डाव संपणार होता. काकू उठल्या, पदर सावरला आणि करड्या आवाजात म्हणाल्या, "बरोबर आहे समीरचं. मी आत्ताच नीट विचारून घेतलं. नियम म्हणजे नियम. लहान मुलांना भाजी द्यायची नाही." त्या कोपऱ्याकडे वळल्या. "आणि शमिका, माझ्या घरात उद्या मेथी होऊन राहिली आहे. चोरलीस, तर याद राख."

शमिकाचे डोळे दिव्यासारखे पेटले.

समीरने काकूंना खाली वाकून नमस्कार केला. त्याला तेवढंच सुचलं.

दुबेजींना मात्र एवढ्यावर चैन पडलं नाही. आपल्या नावाचा एक नियम आहे आणि तो आपण केलेलाच नाही, ही गोष्ट त्यांना खुपली असावी. मंगळवारी फाटकाशेजारच्या फळ्यावर सूचना लागली: 'बारह वर्ष से कम उम्र के बच्चों का सब्ज़ी खाना सख़्त मना है. आज्ञा से, सेक्रेटरी.'

वंदनाभाभींच्या आठ वर्षांच्या सुयशने ती खेळायला जमलेल्या मुलांना वाचून दाखवली. मुलं भडकली. कालपर्यंत भोपळ्याकडे ढुंकून न बघणाऱ्या त्या फौजेने संध्याकाळी दुबेजींच्या दाराशी घोषणा दिल्या. दोन दिवसांत कॉलनीतल्या घराघरांतून मटार, गाजरं, टोमॅटो नाहीसे होऊ लागले. मुलं बागेतल्या झाडामागे बसून कच्चा मुळा खाताना सापडली. दुबेजी छडी घेऊन त्यांच्यामागे धावायचे आणि कोणालाही न पकडता घरी येऊन बायकोला सांगायचे, की इतकी गंमत नोकरीतल्या तीस वर्षांत आली नाही.

फेब्रुवारी संपता संपता शमिकाचं रक्त पुन्हा तपासलं. अकराच्या वर आकडा होता. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बघितले. "छान! काय केलंत?"

"थेंब दिले," समीर म्हणाला. जरा थांबून त्याने पुढे जोडलं, "आणि शेजारी चांगले मिळाले."

घरी आल्यावर त्याने पहिल्यांदा वाट्या मोजल्या. स्वयंपाकघरात लोकांच्या अकरा वाट्या साठल्या होत्या. शनिवारी नवरा-बायकोने मिळून नारळाच्या वड्या केल्या, अकराही वाट्या भरल्या आणि समीर एकटाच त्या परत करायला निघाला. प्रत्येक दारात त्याने खरी हकिगत सांगितली, हात जोडले आणि आभार मानले. निम्म्या घरांना ती दुबेजींकडून आधीच कळली होती. उरलेल्यांनी आधी डोळे वटारले आणि मग त्याला आत ओढून चहा पाजला. वंदनाभाभी म्हणाल्या, "धन्यवाद तो हम आपको दें. मेरा सुयश लौकी चुराता है अब. लौकी!" फाटकाशी अम्माने वडी तोंडात टाकली, सगळं ऐकून घेतलं आणि जराही विश्वास न ठेवता बिटियाची जुडी वेगळी बांधून दिली.

शेवटची वाटी सरोजकाकूंची होती. सुट्टी असूनही शमिका दुपारपासून त्यांच्याकडेच गेली होती. दार ढकललेलं होतं. चाहूल लागताच काकू घाईने बाहेर आल्या आणि मागे दार ओढून घेतलं.

"काकू, अकरा झालं," समीर म्हणाला. पुढचं त्याने पाठ करून ठेवलं होतं, पण ते काही आठवेना. "तुम्ही नसता, तर... तुमचे उपकार कसे..."

"अरे, चूप बस." काकूंनी वाटी घेतली आणि क्षणभर वड्यांकडे बघत राहिल्या. "उपकार कोणाचे, ते तुला माहीत नाही. हे गेले त्याला तीन वर्षं झाली. एका बाईसाठी कोण भाजी चिरत बसेल? सकाळी चहा-टोस्ट, संध्याकाळी खिचडी, तीही मन झालं तर. बेंगळुरूहून मुलगा रोज फोनवर विचारायचा, आई, काय जेवलीस? मी सांगायची, भाजी-पोळी. रोज. मी, जिने पोरांना खोटं बोलल्याबद्दल बेंचवर उभं केलं."

"मग तुझी पोरगी आली आणि म्हणाली, भाजी मिळत नाही. मी त्याच पावली ठेल्यावर गेले, मेथी आणली. तीन वर्षांनी घरात फोडणीला लसूण पडला. वाटी तिच्यापुढे ठेवली, तर म्हणते, आजी, तू पण घे. एकटीने चोरून खायला भीती वाटते." काकू हसल्या. "तेव्हापासून दोघी मिळून चोरी करून राहिलो आहोत. मागच्या महिन्यात माझंही रक्त बघितलं. डॉक्टर म्हणाले, काय करता तरी काय?"

आतून दबक्या आवाजात, पण जिन्यापर्यंत सहज पोहोचेल अशी हाक आली. "आजी! लवकर ये ना! बाबा येईल!"

अडुसष्ट वर्षांच्या सरोजकाकूंनी ओठांवर बोट ठेवलं, समीरला हातानेच 'जा' म्हणून खुणावलं आणि लगबगीने आत शिरून दार लावून घेतलं.

समीरने बंद दारासमोर चपला काढल्या. मग चपला हातात घेऊन तो आवाज न करता एक मजला वर चढला. तिथे त्याने चपला पुन्हा पायात घातल्या, घसा खाकरला आणि प्रत्येक पायरीवर पाय आपटत खाली येऊ लागला.

"कोण आहे रे तिकडे?" तो जमेल तेवढ्या दरडावणीच्या आवाजात ओरडला. "मला भाजीचा वास येतोय!"

आत चमच्यांचा एकच खडखडाट उडाला. कोणीतरी "खा, खा, पटकन खा!" म्हणालं. ते आजीने नातीला म्हटलं की नातीने आजीला, हे काही त्याला ओळखता आलं नाही. समीरने दारावर थाप मारली. दार उघडायला दोघींनी बराच वेळ लावला. त्यानेही दुसरी थाप मारायची घाई केली नाही.